सांगशाकची टेकडी आणि आपले मराठे शिपाई

इतिहासाच्या तासाला दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला म्हणजे विद्यार्थ्यांच्या मुद्रेवर विशेष उत्सुकता दिसू लागते. पॅसिफिक महासागरातील बेटांवर अमेरिकेचे मरीन शिपाई जपानी फौजेशी कसे लढले, हे त्यांनी चित्रपटांत पाहिलेले असते, आणि त्याविषयी ते आम्हांस नाना प्रश्न विचारतात. ही जिज्ञासा स्तुत्यच आहे. परंतु त्याच वर्षांत, त्याच जपानी फौजेशी, तितक्याच बिकट मुलखात आपल्या सातारा जिल्ह्यातील व आसपासच्या प्रांतांतील शेतकऱ्यांचे पुत्रही लढत होते, ही गोष्ट त्यांच्यापैकी फारच थोड्यांच्या कानांवर आलेली असते. म्हणून ह्या लेखात आम्ही दोन्ही रणांगणांचा परिचय करून देऊन, मणिपुरातील सांगशाक नावाच्या एका टेकडीची हकीकत जरा विस्ताराने सांगण्याचे योजिले आहे.

मरीन म्हणजे जहाजांतून जाऊन शत्रूच्या किनाऱ्यावर उतरणारे व तेथून पुढे जमिनीवर लढणारे अमेरिकेचे खास पायदळ. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बर येथील अमेरिकन आरमारावर अकस्मात हल्ला केला, आणि पुढील पाच-सहा महिन्यांत मलाया, सिंगापूर, जावा, फिलिपाइन्स व ब्रह्मदेश इतका अफाट मुलूख हस्तगत केला. ही आगेकूच थोपवून एकेक बेट परत घेण्याच्या कामी मरीन शिपाई आघाडीस होते. ७ ऑगस्ट १९४२ रोजी ते ग्वाडलकनाल बेटावर उतरले. दोन-तीन दिवसांतच, पुरती रसद उतरविण्यापूर्वी, त्यांची जहाजे तेथून निघून गेली. मग दिवसास दोन वेळच्या तुटपुंज्या शिध्यावर व जपान्यांच्या कोठारात सापडलेल्या तांदळावर त्यांस दिवस काढावे लागले. शत्रूच्या गोळीइतकेच हिवतापानेही त्यांस जर्जर केले.

पुढे नोव्हेंबर १९४३ मध्ये तारावा येथे भरतीचे पाणी पुरेसे चढले नाही. होड्या प्रवाळाच्या खडकांवर अडकून पडल्या, आणि शिपायांस छातीइतक्या पाण्यातून, समोरून गोळ्यांचा वर्षाव होत असता, शेकडो यार्ड चालत किनारा गाठावा लागला. जेमतेम दोन-सव्वादोन मैल लांबीच्या त्या बेटासाठी तीन दिवसांत सुमारे एक हजार अमेरिकन प्राणांस मुकले. आणि बेटावरील जपानी सैनिकांपैकी अवघे १७ जिवंत हाती लागले. सप्टेंबर १९४४ मध्ये पेलेलिऊ बेटावर तर जमीनच वैरीण झाली. सारे बेट कठीण प्रवाळाचे. त्यात कुदळ शिरेना. उष्मा ११५ अंश फॅरनहाइटपर्यंत चढला, आणि पिण्यासाठी जे पाणी आले ते पूर्वी तेल भरलेल्या पिपांतून आलेले असल्यामुळे ते पिऊन शिपायांची पोटे बिघडली.

तहान, खणता न येणारी जमीन आणि वेळेवर न पोचणारी रसद, ह्या तीन गोष्टी वाचकांनी ध्यानात ठेवाव्या. मरीनांचे युद्ध म्हणजे केवळ तोफांचा गडगडाट व झेंडा रोवणे अशी जी कल्पना चित्रपटांमुळे होते, ती अपुरी आहे. त्यांचे बहुतेक दिवस ह्या तीन साध्या अडचणींशी झुंजण्यात गेले. आणि ह्याच तीन अडचणी आपल्या शिपायांपुढे सांगशाकच्या टेकडीवर उभ्या होत्या.

आता आपल्या सरहद्दीकडे वळू. मे १९४२ पर्यंत जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला व त्यांची ठाणी हिंदुस्थानच्या ईशान्य सीमेला येऊन भिडली. दोन वर्षांनी त्यांचा सेनापती मुतागुची ह्याने मणिपुरातील इंफाळ व नागा टेकड्यांतील कोहिमा ही दोन ठिकाणे घेण्याचा धाडसी बेत रचला. इंफाळ हे हिंदी-ब्रिटिश फौजेच्या रसदीचे मोठे केंद्र होते, आणि कोहिमा हे इंफाळकडे येणाऱ्या रस्त्याचे जणू दार होते. मुतागुचीने आपल्या सैनिकांबरोबर सुमारे तीन आठवड्यांचाच शिधा दिला. पुढचे अन्न शत्रूच्या कोठारांतून मिळेल, ह्या भरवशावर तो निघाला होता. १५ मार्च १९४४ च्या रात्री त्याच्या दोन डिव्हिजन चिंदविन नदी ओलांडून मणिपूरच्या डोंगरांत शिरल्या.

तो मुलूख कसा आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांस समजावून सांगण्यास फारसे सायास पडत नाहीत. कोयनेच्या खोऱ्यात राहणाऱ्यास दाट रान, एकामागून एक उठणाऱ्या डोंगररांगा, धुक्यात हरवणारी पायवाट, वर्षास सुमारे दोनशे इंच पडणारा पाऊस आणि पायांस चिकटणाऱ्या जळवा, ह्यांचे वर्णन पुस्तकात वाचावे लागत नाही. मणिपूरचा पूर्वभाग ह्याच जातीचा आहे. फक्त त्याचे डोंगर आपल्याहून उंच, रस्ते त्या काळी त्याहूनही विरळ, आणि गावे टेकड्यांच्या माथ्यांवर वसलेली. अशा मुलखात शंभर पावलांवरील शत्रू दिसत नाही, परंतु त्याच्या पायाखाली मोडलेली काटकी ऐकू येते. म्हणून तेथील शिपायास डोळ्यांपेक्षा कानांचा आधार अधिक, आणि रात्र ही दिवसापेक्षा अधिक लांब.

ह्या मुलखात मराठे कसे पोचले? मराठा लाइट इन्फन्ट्री ही हिंदी सैन्यातील अत्यंत जुन्या रेजिमेंटांपैकी एक. तिची सर्वांत जुनी पलटण १७६८ साली मुंबईस उभारली गेली, आणि १९२२ पासून तिचे मुख्य केंद्र बेळगाव येथे आहे. तिच्यात मुख्यतः देशावरचे व कोकणातले मराठे भरती होत. सातारा जिल्हा तर भरतीचे जुने माहेरघर. साताऱ्याजवळचे अपशिंगे गाव लोक 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखतात; पहिल्या महायुद्धात ह्या एका गावचे ४६ शिपाई कामास आले. दुसऱ्या महायुद्धात ह्या रेजिमेंटच्या पलटणी आफ्रिकेत केरन येथे लढल्या, आणि इटलीत लढताना यशवंत घाडगे व नामदेव जाधव ह्या दोन वीरांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. घाडगे ह्यांस १० जुलै १९४४ रोजी वीरमरण आले. जाधव ह्यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर पराक्रम गाजविला. ही दोन नावे पाठ्यपुस्तकांतून कधीमधी भेटतात. परंतु रेजिमेंटची चौथी पलटण त्या वेळी मणिपुरात होती, आणि तिची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

मार्च १९४४ मध्ये उखरूळच्या दक्षिणेकडील डोंगरांचे रक्षण ५० व्या हिंदी पॅराशूट ब्रिगेडकडे नुकतेच आले होते. ह्या ब्रिगेडचे शिपाई विमानातून हवाई छत्रीच्या साहाय्याने उतरण्याचे शिक्षण घेतलेले असले, तरी येथे ते पायदळ म्हणूनच आले होते. ब्रिगेडियर होप-थॉमसन हे त्यांचे नायक. तिच्यात हिंदी शिपायांची १५२ वी व गुरख्यांची १५३ वी अशा पलटणी होत्या. लेफ्टनंट कर्नल ट्रिम ह्यांच्या हाताखालील मराठ्यांची चौथी पलटण आधीपासूनच त्या भागात असल्यामुळे ह्या ब्रिगेडला जोडून देण्यात आली. १९ मार्च रोजी १५२ व्या पलटणीच्या एका कंपनीवर, ती एका पुढच्या टेकडीवर असता, जपान्यांच्या फार मोठ्या सैन्याने हल्ला चढविला. ती कंपनी दुसऱ्या दिवसापर्यंत झुंजली व जवळजवळ सबंध कामास आली. शत्रू किती मोठ्या संख्येने आला आहे, हे तेव्हा कोठे ध्यानात आले. मग ठिकठिकाणी विखुरलेल्या तुकड्या एकत्र होऊन २१ व २२ मार्च रोजी सांगशाक गावाच्या टेकडीवर जमल्या. मराठ्यांसही आपले पूर्वीचे ठाणे सोडून, उचलता येईल तेवढेच सामान घेऊन, डोंगर चढून तेथे यावे लागले.

सांगशाक हे तांगखुल नागा लोकांचे गाव इंफाळच्या ईशान्येस आहे. गावाशेजारच्या माथ्यावरील ज्या जागेत सुमारे दोन हजार माणसांस, त्यांच्या खेचरांस, तोफांस व जखमींस सामावून घ्यावयाचे होते, ती जागा सुमारे ८०० यार्ड लांब व ४०० यार्ड रुंद होती. आपल्या खेड्यातील एखादा बऱ्यापैकी मळा नजरेसमोर आणावा, म्हणजे तिचा अंदाज येईल. सभोवार लावण्यास काटेरी तार नव्हती. टेकडीवर पुरेसे पाणी नव्हते. आणि चर खणू लागताच हात-दोन हात मातीखाली कठीण खडक लागला. आमच्यापैकी ज्यांनी सडावाघापूरच्या पठारावर एखादा खांब रोवण्यासाठी पहार चालवून पाहिली असेल, त्यांस ह्याचा अर्थ तत्काळ कळेल. उभ्या माणसास आश्रय देईल असा खोल चर सांगशाकला खणताच येईना. गुडघाभर, फार तर कमरेइतक्या खळग्यांत शिपायांनी अंग चोरून बसावे, आणि वरून उखळी तोफांचे गोळे पडावेत, अशी त्यांची स्थिती झाली.

२२ मार्चच्या सायंकाळी मुख्य हल्ल्यास आरंभ झाला. जपान्यांच्या ३१ व्या डिव्हिजनची ५८ वी रेजिमेंट, मेजर जनरल मियाझाकी ह्यांच्या हुकमतीखाली, कोहिमाच्या वाटेवर होती. वाटेतील हे ठाणे एका धडकेत उडवून पुढे जावे, असा त्यांचा विचार होता. तो सफल झाला नाही. त्या रात्री हल्ला परतविण्यात आला; दुसऱ्या रात्री तो पुन्हा आला, तिसऱ्या रात्री पुन्हा. अंधारात शत्रू हातगोळे फेकीत चरांपर्यंत येई, आणि मग बंदुकीच्या टोकावरील संगिनीने निकराची झटापट होई. दिवसा तोफा, रात्री हल्ला, अशा क्रमात झोप ही वस्तूच उरली नाही. उभ्या उभ्या पेंग येऊन माणसे कोसळत.

पाण्याची कथा त्याहून करुण आहे. पाणी टेकडीबाहेर होते, आणि तेथे जाण्याची वाट शत्रूच्या माऱ्याखाली होती. त्यामुळे पाण्याचे वाटप अगदी मापून करावे लागले. चटका देणारे ऊन, धुराने कोरडा पडलेला घसा, आणि जखमींचा सततचा पुकार, अशा स्थितीत दिवस जात. तोफांच्या माऱ्यात खेचरे मेली. खडकाळ जमिनीत त्यांस पुरता येईना, आणि त्यांची दुर्गंधी सर्व टेकडीवर पसरली. वैद्यकीय पथकातील डॉक्टर व मदतनीस उघड्या खळग्यांत बसून शस्त्रक्रिया करीत होते. एकदा जखमी झालेला शिपाई तेथे उपचारासाठी पडला असता पुन्हा जखमी होई.

रसद आकाशातून येत असे. विमाने येऊन छत्र्यांच्या साहाय्याने पाणी, शिधा व दारूगोळा टाकीत. परंतु जागा इतकी चिंचोळी की छत्र्या वाऱ्याबरोबर वाहवत जाऊन बऱ्याचशा शत्रूच्या बाजूस पडत. ज्या पाण्यासाठी जीव तळमळत होता, ते आपल्या डोळ्यांदेखत समोरच्या उतारावर उतरावे व शत्रूने ते उचलावे, ह्यासारखे दुःख कोणते? ग्वाडलकनालच्या मरीनांनी आपली जहाजे क्षितिजाआड जाताना पाहिली, तेव्हा त्यांच्या मनात जे आले असेल, तेच येथे आपल्या शिपायांच्या मनात आले असावे.

ह्या माथ्याच्या वायव्य टोकास एक छोटे प्रार्थनामंदिर होते. अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनचे काम ह्या तांगखुल डोंगरांत विल्यम पेटिग्रू ह्यांनी १८९६ साली उखरूळ येथे सुरू केले होते, आणि पुढे गावोगाव अशी मंदिरे उभी राहिली. जेथे गावकरी दर रविवारी भजनास जमत, तेच टोक लढाईत सर्वांत निकराचे ठरले, कारण शत्रूची चढण त्याच अंगाने होती. २६ मार्चच्या पहाटे जपान्यांनी मंदिराभोवतीचे चर घेतले. ते गेले असते तर सबंध टेकडी गेली असती. एकामागून एक तुकड्या प्रतिहल्ल्यासाठी धावल्या. कितीएक अधिकारी व शिपाई तेथेच पडले. आणि सकाळ वर चढेपर्यंत ती जागा पुन्हा आपल्या हाती आली. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, गुरखे, मराठे, इंग्रज अशा नाना धर्मांच्या व जातींच्या माणसांचे रक्त त्या एका प्रार्थनामंदिराच्या अंगणात मिसळले. ज्या गावकऱ्यांचे ते मंदिर होते, त्यांची घरेही ह्या लढाईत उद्ध्वस्त झाली. त्यांचे कोणाशीच वैर नव्हते. युद्धाचा हिशेब मांडताना ही नावे बहुधा कोणत्याच बाजूच्या यादीत येत नाहीत, म्हणून येथे त्यांचा उल्लेख आम्ही मुद्दाम करीत आहोत.

२६ मार्चच्या सायंकाळी बिनतारी यंत्रावर माघारीचा हुकूम आला, आणि त्या रात्री उरलेली माणसे टेकडी उतरून अंधारात, लहान लहान टोळ्या करून, इंफाळच्या दिशेने निघाली. ज्यांस चालवत होते अशा जखमींस सोबत्यांनी आधार दिला. ज्यांस मुळीच हलविता येईना, अशा काही अत्यवस्थ जखमींस मागे ठेवावे लागले. मृत, जखमी व बेपत्ता मिळून सुमारे सहाशे माणसे गमावली गेली. हे लोक इंफाळला पोचले तेव्हा त्यांस हारतुरे मिळाले नाहीत. ठाणे सोडून आले, एवढेच दिसत होते. ब्रिगेडियर होप-थॉमसन ह्यांस तर नायकपदावरूनही दूर करण्यात आले.

मग ह्या लढाईने काय साधले? हे कळण्यासाठी सांगशाकवरून नजर उचलून इंफाळकडे न्यावी लागते. १९ मार्चपासून आराकान भागातील ५ वी हिंदी डिव्हिजन, तिच्या तोफा व खेचरांसह, विमानांनी इंफाळकडे आणली जात होती. एका रणांगणावरून दुसऱ्या रणांगणावर सबंध डिव्हिजन आकाशमार्गाने हलविण्याचा तो मोठा व नवा प्रयोग होता, आणि त्यास पुरते दहा दिवस लागले. ह्या दहा दिवसांपैकी निम्मे दिवस सांगशाकच्या शिपायांनी शत्रूस अडवून धरले होते. शिवाय पडलेल्या एका जपानी अधिकाऱ्याजवळ त्यांस एक नकाशा सापडला. सबंध ३१ वी डिव्हिजन कोहिमावर चालून जाणार आहे, असे त्यावरून उघड झाले. त्यापूर्वी वरिष्ठांची समजूत अशी होती की, तसल्या डोंगरांतून फार तर एखादी रेजिमेंट तिकडे येऊ शकेल. तो नकाशा शत्रूच्या वेढ्यातून इंफाळला पोचविण्यात आला. मियाझाकींच्या रेजिमेंटचीही इतकी हानी झाली व इतका वेळ गेला की, एप्रिलच्या आरंभी कोहिमास वेढा पडला तेव्हा तेथे थोडीबहुत तयारी झालेली होती. कोहिमा टिकले, २२ जून १९४४ रोजी इंफाळचा रस्ता मोकळा झाला, आणि जपान्यांची ही मोहीम पुरती फसली. पुढे सेनापती स्लिम ह्यांनी ह्या ब्रिगेडने मिळवून दिलेल्या वेळेचे मोल जाहीरपणे मान्य केले.

वेळ मिळवून देणे हे शौर्य मराठी मुलास नवे नाही. १६६० साली बाजीप्रभूंनी घोडखिंड अडवून धरली ती ह्याचसाठी. परंतु दोन्ही प्रसंगांत एक भेद आहे, आणि त्यावर आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य विचार करावा. परंपरेने आलेली कथा अशी की, महाराज विशाळगडी पोचल्याच्या तोफा कानी पडल्या आणि मगच बाजीप्रभूंनी प्राण सोडला. आपले काम झाले, हे त्यांस कळले होते. सांगशाकच्या शिपायास अशी कोणतीच तोफ ऐकू आली नाही. इंफाळला विमाने उतरत आहेत, नकाशा पोचला आहे, कोहिमास चार दिवस अधिक मिळाले आहेत, ह्यांतले काहीही त्यास ठाऊक नव्हते. आपल्या उजव्या हाताचा सोबती जागेवर आहे, आपण हललो तर तो मारला जाईल, एवढेच त्यास दिसत होते. फळाची वार्ता कानी न येता जे कर्तव्य केले जाते, त्याची थोरवी अधिक मानावी, असे आम्हांस वाटते.

येथे जपानी शिपायाविषयीही दोन शब्द लिहिणे न्याय्य होईल. तीन आठवड्यांचा शिधा संपला, पावसाळा सुरू झाला, आणि शत्रूची कोठारे काही हाती लागली नाहीत. ३१ व्या डिव्हिजनचा सेनापती सातो ह्याने, आपली माणसे उपाशी मरत आहेत असे पाहून, वरिष्ठांची आज्ञा मोडून कोहिमाहून माघार घेतली. त्या मोहिमेत तीस हजारांवर जपानी सैनिक मरण पावले, आणि त्यांत गोळीपेक्षा भूक, अतिसार व हिवताप ह्यांनी मेलेले अधिक होते. तेही बहुतेक भातशेती करणाऱ्या खेड्यांतलेच पुत्र. त्यांच्या राज्यकर्त्यांनी जो अन्याय आशियाभर केला तो त्यामुळे लहान होत नाही. परंतु शत्रूच्या शिपायाची माताही मातीच्याच चुलीपुढे वाट पाहत बसली होती, हे विसरू नये.

आता एका नाजूक प्रश्नास हात घातला पाहिजे, कारण हुशार विद्यार्थी तो विचारल्यावाचून राहत नाहीत. हे मराठे शिपाई लढले ते इंग्रज सरकारच्या निशाणाखाली. त्याच वेळी त्यांच्या गावी काय चालले होते? ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव' ची हाक उठली. ९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवरील मोर्चावर गोळीबार होऊन परशुराम घार्गे व त्यांचे सोबती धारातीर्थी पडले. पुढे १९४३ ते १९४६ पर्यंत क्रांतिसिंह नाना पाटील ह्यांचे प्रतिसरकार ह्याच सातारा जिल्ह्यात कारभार चालवीत होते. आज सांगली जिल्ह्यात असलेले वाळवे, तासगाव हे तालुके तेव्हा साताऱ्यातच होते. शिवाय मणिपुरात जपान्यांच्या बाजूने सुभाषबाबूंची आझाद हिंद सेना उतरली होती, आणि १४ एप्रिल १९४४ रोजी तिने मोइरांग येथे आपला ध्वज फडकविला. म्हणजे एकाच जिल्ह्यात एक भाऊ पलटणीत, दुसरा भूमिगत. एकाच डोंगरात एक हिंदी शिपाई ह्या बाजूस, दुसरा त्या बाजूस.

ह्यापैकी खरा देशभक्त कोण, असा प्रश्न टाकून एकास उंच व दुसऱ्यास नीच ठरविणे सोपे आहे. परंतु ते न्यायाचे नव्हे. पलटणीत गेलेल्यांपैकी कितीएक जण दुष्काळी रानात पोट भरेना म्हणून गेले, कितीएक बापजाद्यांची चाल म्हणून गेले, आणि आपल्याच देशाच्या सीमेवर आलेल्या सैन्यास अडविले पाहिजे, असे मनापासून वाटणारेही त्यांत होते. त्यांची पेचातून सुटका युद्धाबरोबर झाली नाही. ऑक्टोबर १९४५ मध्ये ह्याच रेजिमेंटची सहावी पलटण जावा बेटावर सुराबाया येथे पाठविण्यात आली, आणि तेथे त्यांच्यावर चालून आलेले लोक जपानी नव्हते. डच सत्ता परत येऊ नये म्हणून उठलेले इंडोनेशियाचे लोक होते. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या शिपायाने दुसऱ्याच्या स्वातंत्र्याविरुद्ध बंदूक धरावी, ही नियती त्याने निवडलेली नव्हती. अशा माणसांकडे विद्यार्थ्यांनी निवाडा देणाऱ्याच्या नजरेने न पाहता समजून घेणाऱ्याच्या नजरेने पाहावे, एवढीच आमची विनंती.

शेवटी एक विचार मांडतो. मरीनांचे युद्ध जगास इतके तपशिलाने ठाऊक आहे, ह्याचे कारण ते अधिक शूर होते असे नाही. त्यांनी लिहून ठेवले, हे त्याचे कारण. युजीन स्लेज नावाचा एक तरुण मरीन पेलेलिऊ व ओकिनावा येथे लढला. तो आपल्या खिशातील नव्या कराराच्या लहानशा प्रतीत रोजच्या घडामोडींची टिपणे करीत असे. युद्धानंतर तो प्राणिशास्त्राचा अध्यापक झाला, आणि त्या टिपणांच्या आधारे लिहिलेले त्याचे पुस्तक १९८१ साली प्रसिद्ध झाले. तहान, चिखल, भीती व सोबत्यांवरील माया ह्यांचे त्याने केलेले वर्णन आज जगभर वाचले जाते. आपल्या शिपायांपैकी पुष्कळांस अक्षरओळख नव्हती. जी पत्रे घरी आली, ती बहुधा दुसऱ्याच्या हातची, आणि तपासनिसाच्या नजरेखालून गेलेली. त्यांत खुशाली असे, युद्ध नसे. परत आलेले लोक ओसरीवर बसून जे बोलले, ते ऐकणाऱ्यांबरोबर विरून गेले. कोयनेच्या खोऱ्यात तर पुढे धरण झाले, कित्येक गावे शिवसागराच्या पाण्याखाली गेली, माणसे दूरदूर वसविण्यात आली, आणि त्यांच्याबरोबर ओसऱ्याही गेल्या.

तरीही सर्व काही गेलेले नाही. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्यात सुमारे पंचवीस लक्ष माणसे होती, आणि त्यांपैकी सुमारे ८७,००० परत आली नाहीत. इंफाळच्या हिंदी सैनिकांच्या समाधिस्थानात, ज्यांस अग्नी देण्यात आला अशा ८६८ हिंदू व शीख सैनिकांची नावे कोरलेली आहेत. रंगूनजवळ तौक्यान येथील स्मारकावर, ज्यांच्या देहाचा ठावठिकाणा लागला नाही अशा सुमारे २७,००० जणांची नावे आहेत. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदी आज कोणासही पाहता येतात, आणि त्यांत पुष्कळदा शिपायाच्या बापाचे नाव, गाव व तालुकाही दिलेला आढळतो.

म्हणून येत्या सुट्टीत विद्यार्थ्यांनी एक काम करावे. आपल्या घरी वा गावी पलटणीतून आलेले कोणी होते काय, हे आजी-आजोबांस विचारावे. माळ्यावरच्या पेटीत एखादे पदक, पेन्शनचे पुस्तक, गणवेशातील छायाचित्र सापडते काय, ते पाहावे. चावडीजवळ वा देवळाच्या भिंतीत, पहिल्या महायुद्धास गेलेल्यांच्या संख्येचा संगमरवरी शिलापट्ट असल्यास त्यावरील मजकूर उतरवून घ्यावा. जे ऐकाल ते, कोणी सांगितले व कोणत्या दिवशी सांगितले ह्यासह, वहीत लिहावे. आपल्या पदरची भर घालू नये, आणि जे कळले नाही ती जागा कोरी सोडावी. पालकांसही आमची प्रार्थना आहे की, त्यांनी ह्या कामी मुलांस वेळ द्यावा. १९४४ साली विशीत असलेली माणसे आता जवळजवळ सारी निघून गेली. त्यांची मुलेही वृद्ध झाली. त्यांच्याकडून ऐकण्याची संधी आणखी फार वर्षे राहणार नाही. विशाळगडच्या तोफा ज्यांस ऐकू आल्या नाहीत, त्यांच्यासाठी त्या उशिरा का होईना वाजविणे आपल्या हाती आहे, आणि त्यास एक वही व एक पेन्सिल पुरेशी आहे.